८०,१६० रुपये गेले कुठे?

इंदूरच्या मराठी माणसाला महाराष्ट्रातले नातेवाईक तीन प्रश्न हमखास विचारतात. तिकडे मराठी बोलता का? पोह्यांबरोबर जिलबी खरंच खाता? आणि तुमच्याकडे सगळं स्वस्त असेल ना? पहिल्याचं उत्तर आम्ही मल्हारराव होळकरांपासून सुरू करतो. दुसऱ्याचं सकाळी आठला बशीतूनच देतो. तिसऱ्याला उत्तर नाही, कारण तो प्रश्नच नाही. "तुमचं काय बुवा, इंदूरला स्वस्ताई!" असं म्हणणाऱ्याला इंदूरच्या कोथिंबिरीचा भाव नको असतो. पुण्यात राहून आपण केवढं सोसतो आहोत, याची पावती त्याला हवी असते.

ती फाडून द्यायला आम्हीही एका पायावर तयार असतो. इंदूरच्या माणसाला आपल्या स्वस्ताईचा जेवढा अभिमान, तेवढाच पुण्याच्या माणसाला आपल्या महागाईचा. "कोथरूडला दोन बेडरूमचं भाडं किती झालंय, कल्पना आहे का?" हे आमचा दादा ज्या सुरात म्हणतो, त्या सुरात लोक मुलाचे दहावीचे टक्के सांगतात. दादा जन्माने इंदूरचा. नोकरीसाठी पुण्याला गेला आणि तिथे इतका रुजला की आता मूळच्या पुणेकरांनाही तो थोडा जास्तच पुणेरी वाटतो. त्याच्या भाड्यावर मी म्हणतो, "तेवढ्यात आमच्याकडे अख्खा मजला मिळतो, वर अंगणात पेरू." पेरू शेजाऱ्यांचा आहे; फांदी आमच्याकडे येते.

या फुशारक्यांवर आमची बरीच वर्षं सुखात गेली. त्यांना आकडे चिकटवायचं काकांच्या मनात आलं आणि घोटाळा झाला. काका लेखा खात्यातून निवृत्त झालेले. बिनसहीचं व्हाउचर आणि बिनहिशोबी पुतण्या हे त्यांच्या लेखी एकाच माळेचे मणी. दिवाळी आटोपल्यावर त्यांनी घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक तक्ता टाकला. शीर्षक, 'वार्षिक घरखर्च : कुटुंबनिहाय व प्रांतनिहाय'. एका बाजूला इंदूर, पुणे, डोंबिवली, नागपूर आणि न्यू जर्सी. दुसऱ्या बाजूला किराणा, दूध, भाजी, वीज-पाणी, बाई-माणसं, शाळा-क्लास, औषधपाणी, प्रवास, कपडालत्ता, सणवार आणि इतर. तळाशी ठळक अक्षरांत, 'खरे लिहावे. गोल आकडे चालणार नाहीत.'

सगळ्यांनी ताबडतोब अंगठे वर केले. तक्ता कोणी भरला नाही.

मग काकांनी सरकारला मध्ये आणलं. ऑगस्ट २०२२ ते जुलै २०२३ या काळात केंद्र सरकारने देशभरातल्या २,६१,७४६ घरांत जाऊन घरखर्चाची पाहणी केली होती. तीत मध्य प्रदेशातल्या शहरी माणसाचा महिन्याचा सरासरी खर्च ४,९८७ रुपये निघाला आणि महाराष्ट्रातल्या शहरी माणसाचा ६,६५७ रुपये. काकांनी दोन्ही आकड्यांना बाराने गुणलं, चौघांचं घर धरून पुन्हा चाराने गुणलं. मध्य प्रदेश २,३९,३७६. महाराष्ट्र ३,१९,५३६. वजाबाकी ८०,१६०. त्याखाली फर्मान : 'इंदूरच्या कुटुंबाने वर्षाला ८०,१६० रुपये शिल्लक दाखवावी. नसल्यास रक्कम कुठे गेली, याचा लेखी खुलासा करावा.'

दादाने लगेच हरकत घेतली. महाराष्ट्राच्या शहरांत मुंबईही आली आणि मूर्तिजापूरही, त्यांची सरासरी पुण्याला लावू नये, आम्ही सरासरीत बसत नाही. पुण्याचा माणूस सरासरीत बसत नाही, हे कळायला खरं तर अडीच लाख घरं हिंडायची गरज नव्हती.

आमच्याकडे शिल्लक नव्हतीच. खुलासा करणं आलं.

सरकारी पाहणीत माणसाच्या आठवणीला तीन मापं लावतात. तेल, भाजी, फळं, मसाले, चहा, फरसाण, पान-तंबाखू यांचं गेल्या सात दिवसांचं विचारायचं. कपडे, चपला, शाळेची फी, इस्पितळाची भरती, फ्रीज-मिक्सर यांचं गेल्या वर्षभराचं. उरलेल्याचं तीस दिवसांचं. ही मापं ठरवणाऱ्यांनी नक्की संसार केलेला असणार. साडी कितीला पडली हे वर्षभर लक्षात राहतं. भजी किती खाल्ली हे आठव्या दिवशी कोणी शपथेवर सांगू शकत नाही. काकांचा आदेश आल्यावर आमच्या घरी ही पाहणी बायकोने हाती घेतली.

"गेल्या सात दिवसांत सेव किती आणलीस?"

"पाव किलो."

"कुठली?"

"लौंगवाली."

"आणि डब्यातली रतलामी?"

"ती त्याच्या आदल्या आठवड्यातली."

"लसणीची?"

"ती विकत नाही आणली. चाखली फक्त."

हे चाखणं बाहेरच्या माणसाला समजावून सांगणं कठीण आहे. इंदूरच्या नमकीनच्या दुकानात घेण्याआधी चाखणं हा गिऱ्हाइकाचा हक्क मानतात. काउंटरपलीकडचा माणूस परातीतली चिमूटभर सेव उचलून तुमच्या तळहातावर ठेवतो. ती तोंडात टाकून आपण डोळे बारीक करायचे, छताकडे पाहायचं आणि म्हणायचं, "थोडी तीखी बताओ भिया." मग दुसरी चिमूट. मग खट्टा-मीठा मिक्स्चर. मग मसाल्याचे दाणे, "वो तो ताजा निकला है अभी" म्हणून. शेवटी जे घ्यायचं म्हणून घरून निघालेलो असतो तेच पाव किलो बांधून घ्यायचं. मागे उभ्या असलेल्या माणसाची तक्रार नसते; तोही तळहात पुढे करून तयार असतो. पुण्यात दुकानदाराने असं काही चाखू दिलं तर गिऱ्हाईक संशयाने मालाची तारीख पाहील. या चिमटी सरकारच्या कुठल्याच रकान्यात बसत नाहीत. या शहराच्या पोटात जातं त्याचा मोठा हिस्सा बेहिशोबी आहे, आणि आयकर खात्यालाही तो कधी सापडणार नाही.

जो हिस्सा सापडतो तोही कमी नाही. त्याच पाहणीत शहरी भारताचा एक आकडा आहे. शंभर रुपये खर्च झाले तर त्यातले तृणधान्यावर ३.६४ रुपये आणि पेयं, फराळ, तयार खाद्यपदार्थ यांवर १०.६४ रुपये. म्हणजे गहू-तांदळाच्या जवळजवळ तिप्पट. अर्थशास्त्र्यांनी यावर देशाची बदलती खाद्यसंस्कृती वगैरे लेख लिहिले. इंदूरला त्यात बातमी दिसली नाही. देशाला उशिरा का होईना, अक्कल आली, एवढंच आम्ही म्हटलं.

एर्न्स्ट एंगेल नावाचा एक जर्मन संख्याशास्त्रज्ञ होऊन गेला. मार्क्सचा मित्र तो एंगल्स वेगळा. याने १८५७ साली कामगार कुटुंबांचे घरखर्च तपासून एक नियम मांडला : कुटुंब जितकं गरीब, तितका त्याच्या खर्चातला मोठा वाटा खाण्यावर जातो; हातात पैसा आला की तो वाटा घटतो. पुढे जगभर हा नियम खरा ठरला. घरखर्चाच्या तुलनेचं सगळं शास्त्र त्याच्यावर उभं आहे. मला त्याच्याबद्दल आदर आहे. पण त्याच्या सॅक्सनीत सराफा नव्हता.

इंदूरच्या सराफ्यात दिवसभर सोन्याचांदीची दुकानं. तोळ्याचा भाव ऐकून माणूस तिथून काढता पाय घेतो. रात्री सराफांची शटरं खाली आली की त्याच ओट्यांसमोर कढया चढतात आणि दुपारी पळालेला माणूस सहकुटुंब परत येतो. रात्रभर माणसांचा राबता राहिल्याने दुकानांची राखण होते, म्हणून सराफांनी हे आधीपासून चालू दिलं, असं जुने लोक सांगतात. भुट्ट्याचा कीस, खोपरा पॅटीस, थंडीत तळलेले गराडू, वर जिरावन मसाला आणि लिंबू. मग तिखटावर उतारा म्हणून मावाबाटी, आणि गोडावर उतारा म्हणून पुन्हा कचोरी. वहिनींनी इथे पहिल्यांदा शिकंजी मागवली ती लिंबाचं सरबत समजून. समोर आला तो आटवलेल्या दुधाचा, सुक्यामेव्याचा दाट ग्लास. तो त्यांनी "एवढं कोण पिणार" म्हणत संपवला. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटच्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातल्या गरिबीवर जो गाजलेला अभ्यास मांडला, त्यात माणशी रोज २,२५० उष्मांकांचं माप धरलं होतं. सराफ्यात हे माप जोशींच्या दहीवड्याच्या आसपास ओलांडलं जातं. अजून निम्मी गल्ली बाकी असते.

एंगेलचं काय चुकलं ते इथे उभं राहिल्यावर कळतं. त्याच्या मते पगार वाढला की माणूस खाण्याकडून इतर गोष्टींकडे वळतो. इंदूरला पगार वाढला की माणूस साध्या दुधावरून केशरियावर वळतो.

आणि हे सगळं स्वस्त आहे, हीच अडचण. पुण्याचं कुटुंब हॉटेलात जातं, बिल बघतं आणि पुढचे दोन महिने घरच्या आमटीचं कौतुक करतं. महागाई त्यांना राखून असते. आमच्याकडे पंचवीस रुपयांच्या पोह्यांना खर्च म्हणायला जीभ उचलत नाही. खर्च नाही म्हणून तो लिहिला जात नाही, आणि लिहिला जात नाही म्हणून उद्या पुन्हा जाता येतं. काकांनी मात्र तो लिहिला. रविवारी चौघांचे पोहे शंभर, जिलबी ऐंशी, कचोऱ्या साठ. एकूण २४० गुणिले बावन्न, १२,४८०. शनिवारचा सराफा निदान पाचशे, वर्षाचे २६,०००. घरात येणारं नमकीन आठवड्याला तीनशेचं, वर्षाचं १५,६००. बेरीज ५४,०८०. काकांनी बेरजेखाली दोन रेघा मारल्या आणि बाजूला लिहिलं, 'अद्याप २६,०८० चा खुलासा येणे.'

आम्ही उरलेल्या रकान्यांकडे वळलो.

वीज आमची स्वस्त खरी, पण त्या स्वस्ताईला दीडशेची वेस आहे. महिन्याला दीडशे युनिटच्या आत राहिलं तर पहिल्या शंभर युनिटला शंभर रुपये पडतात. वेस ओलांडली की सवलत गेली. त्यामुळे मीटर वाचायला माणूस येण्याच्या आधीचे चार-पाच दिवस इंदूरच्या मध्यमवर्गीय घरांत एक प्रकारची संचारबंदी असते. गिझर बंद. इस्त्री बाहेर. पाहुण्यांना "अंधारात गप्पा छान रंगतात" असं सांगण्यात येतं. काही घरांत खालचा मजला वडिलांच्या मीटरवर आणि वरचा मुलाच्या. बापलेकांचं पटत नाही म्हणून नव्हे, दीडशे दुणे तीनशे होतात म्हणून.

पेट्रोल मात्र आमच्याकडे पुण्यापेक्षा महाग. मध्य प्रदेशचा कर जास्त. हे दादाला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. आम्ही ते लपवून ठेवलं होतं, कारण त्याने त्याचं दुःख कमी झालं असतं आणि आमचा अभिमानही. तरीही इंदूरचा माणूस विजयनगरहून राजवाड्याला कचोरी खायला स्कूटरवर जातो. कचोरी तीस रुपयांची. पेट्रोल 'प्रवास' या रकान्यात.

महागाईचा विषय निघाल्यावर काका स्वतःच्या पेन्शनीपाशी आले. त्यांचा महागाई भत्ता ज्या औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकावरून ठरतो, त्यासाठी देशभरातल्या ८८ केंद्रांत भाव टिपतात आणि त्यांत इंदूर आहे. म्हणजे इंदूरला काही महागलं की कन्याकुमारीच्या पोस्टमास्तरच्या पगारात तीळभर पडतं. ही जबाबदारी आमच्या शहरावर जुनी आहे. १९५८-५९ साली लेबर ब्यूरोने पन्नास केंद्रांत कामगारांच्या घरखर्चाची पाहणी केली तेव्हाही इंदूर होतंच. मालवा मिल, हुकुमचंद मिलच्या भोंग्यावर तेव्हा शहराची घड्याळं लावली जात, आणि पाहणीवाले कामगाराच्या घरी जाऊन ज्वारी किती, रॉकेल किती, विडी किती असं विचारत. पुढे हुकुमचंद मिल १९९१ ला बंद पडली आणि कामगारांची थकलेली रक्कम मिळायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. मधल्या बत्तीस वर्षांत त्या घरांनी किराणा कुठून भरला, हे विचारायला त्यांच्याकडे कोणी गेल्याचं मी ऐकलं नाही. काका या वाक्यावर गप्प बसले आणि मग डोंबिवलीचा रकाना उघडला.

तोपर्यंत सगळ्यांनी तक्ता भरला होता, कारण आमची झडती चाललेली पाहून प्रत्येकाला उत्साह आला होता.

डोंबिवलीच्या आत्याचं खाणं सरकारी सरासरीपेक्षाही कमी निघालं आणि प्रवास अवाच्या सवा. लोकलचा पास इतका महाग कधी झाला, म्हणून काकांनी चौकशी केली. फलाटावर खाल्लेला प्रत्येक वडापाव आणि कटिंग आत्या वर्षानुवर्षं प्रवासात धरते. "गाडी लेट असते म्हणूनच खावं लागतं ना," हे तिचं म्हणणं मला पटलं. नागपूरच्या चुलतबहिणीने विजेच्या रकान्यात मार्च ते जून असा निराळा रकाना पाडला. कूलर, कूलरच्या ताट्या, कूलरची मोटर, कूलरमध्ये ओतायचं पाणी. हिवाळ्यात तिचं कुटुंब संतांच्या खर्चात राहतं.

न्यू जर्सीला काकांचा स्वतःचा मुलगा असतो. घरपट्टीच्या बाबतीत ते राज्य अमेरिकेत सर्वांत महाग. सरासरी घराला वर्षाचे दहा हजार डॉलरच्या आसपास पडतात. काकांनी रुपये करून पाहिले आणि पुन्हा करून पाहिले. आठ लाखांच्या वर. "एवढ्यात सुदामा नगरात..." एवढंच म्हणून ते थांबले, कारण पुढचं वाक्य काकूसमोर म्हणण्यासारखं नव्हतं. त्याच्या तक्त्यात बाई-माणसं या रकान्यापुढे मात्र शून्य होतं. भांडी, झाडू, संडास, बर्फ उपसणं, सगळं स्वतः. काकूंनी त्या शून्याकडे आठ लाखांपेक्षा जास्त वेळ पाहिलं.

पुण्याचा रकाना दादाने स्वतंत्र फाईल करून पाठवला. सोसायटीचा मेंटेनन्स, उन्हाळ्यात टँकरची वर्गणी, दोन गाड्यांचं पार्किंग, मुलांचे क्लास, क्लासला नेणाऱ्या व्हॅनचे पैसे. आणि सर्वांत वर, लाल अक्षरांत, फ्लॅटच्या कर्जाचा हप्ता. काकांनी पाहणीचं नियमपुस्तक काढलं. उपभोगाच्या खर्चात घरकर्जाचा हप्ता मोजत नाहीत. ती मालमत्ता झाली. ज्या हप्त्याच्या काळजीने दादाला रात्री झोप लागत नाही, तो सरकारी व्याख्येत खर्चच नव्हे. काकांनी लाल ओळ खोडली आणि पुण्याचा आकडा एकदम माणसांत आला. दादा दोन दिवस ग्रुपवर बोलला नाही. पैसे वाचले याचं एवढं दुःख झालेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

आता २६,०८०.

माझ्या बायकोकडे काही असेल, असा काकांचा तर्क. तो ऐतिहासिक होता. होळकरांच्या दौलतीत पूर्वीपासून दोन खाती. एक दौलतीचं, राज्याचं. दुसरं खासगीचं, म्हणजे राणीचं. १७३४ साली पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंना खासगीची जहागीर स्वतंत्र लावून दिली आणि ती पुढे अहिल्याबाईंकडे आली. देशभर देवळं बांधली, घाट बांधले, काशी विश्वनाथाचं मंदिर पुन्हा उभं केलं, ते अहिल्याबाईंनी या खासगीतून. दौलतीच्या तिजोरीला हात न लावता. इंदूरच्या गृहिणींनी त्या आदर्शातलं निदान हिशोबाचं अंग तरी मनापासून उचललं आहे. नवऱ्याचा पगार ही दौलत. रद्दीचे पैसे, भाजीतून उरलेले, भाऊबीजेचे, माहेराहून आलेले, ही खासगी. तांदळाच्या डब्यात, जुन्या पर्समध्ये, आता फोनमधल्या एका वेगळ्या खात्यात. दौलतीत तूट आली की खासगीतून उसने मिळतात, पण व्याजासकट ऐकावं लागतं.

काकांनी माझ्या बायकोला अदबीने विचारलं, "सूनबाई, खासगीचं काही सांगता येईल का?"

"काका, खासगी आहे," ती म्हणाली.

इतिहासात पेशव्यांनाही याहून जास्त उत्तर मिळालं नसावं. काकांनी तो रकाना मोकळा सोडून कडेला फुली मारली. आणि मग, त्याच नियमपुस्तकात पुढे, त्यांना ते वाक्य सापडलं.

पाहणीचा एक नियम असा, की घरात शिजलेलं अन्न कोणी खाल्लं हे बघायचं नाही. ज्याच्या चुलीवर शिजलं, त्याच्या नावावर मांडायचं. पाहुण्याने खाल्लं तरी खर्च यजमानाचा, आणि भागायचं तेही यजमानाच्याच घरातल्या डोक्यांनी. काकांनी चष्मा पुसला. दादा, वहिनी आणि त्यांची दोन मुलं दर मे महिन्यात पंधरवडाभर इंदूरला येतात. "पुण्यात फार उकडतं" असं सांगून, चाळीस डिग्रीच्या इंदूरला. आल्या दिवसापासून घरी पोहे, कारण "बाहेरचे नकोत, तुझ्या हातचे", आणि बाहेर पोहे, कारण "घरचे झाले, आता खरे". वहिनी सकाळी कचरागाडी आली की ओला-सुका वेगळा करायला स्वतः धावतात. स्वच्छतेत २०१७ पासून सलग पहिला नंबर काढणाऱ्या शहरात आपल्यामुळे खाली मान नको, अशी त्यांची भावना असते. बाकी बाबतीत त्या माहेरी आल्यासारख्या राहतात आणि आम्हालाही ते आवडतं. पण हिशोबाच्या दृष्टीने पाहिलं तर त्या पंधरवड्यात चार पुणेकरांचं पोट मध्य प्रदेशच्या माथी बसतं. इंदूरचा दरडोई खर्च फुगतो. तेवढाच महाराष्ट्राचा घटतो. आणि निघताना शेजाऱ्यांना, ऑफिसला, व्यायामशाळेतल्या सरांना देण्यासाठी सेवेच्या ज्या पिशव्या डिकीत भरतात, त्यांचे पैसे दादा देऊ करतो आणि माझे वडील दरसाल त्याचा हात धरतात.

"म्हणजे," काकांनी ग्रुपवर लिहिलं, "पुण्याची काटकसर ही इंदूरच्या चुलीवर शिजलेली आहे." त्यांनी पाहुण्यांचे ताटामागे दर लावले, सेव किलोवर धरली, आणि २६,०८० तले १४,३०० पुण्याच्या नावे टाकले.

दादाचं मौन सुटलं. दर एप्रिलला हापूसची पेटी इंदूरला कोण पाठवतं? ट्रॅव्हल्सच्या बसने, भाडं भरून? ती कोणाच्या चुलीवर? आंबा शिजत नाही, तेव्हा तुमचा नियम लागू नाही. लिहा आमच्या जमेला. आत्याने लगेच आठवण दिली की दादाची मुंजही डोंबिवलीच्या घरी झाली होती आणि तेव्हाचे भाव आजच्या निर्देशांकाने वाढवून मिळावेत. नागपूरने संत्र्याच्या करंड्या काढल्या. न्यू जर्सीने विमानाने आणलेल्या चॉकलेटांची पावती फोटो काढून टाकली, आणि काकूंनी ती पहिल्यांदाच मोठी करून पाहिली.

काकांनी तक्त्याला एक नवा रकाना जोडला : 'येणे-देणे (खाद्य)'. पेटीची नोंद करायला घेतली. डझन किती, फळ केवढं, कोणत्या तारखेला पोचली.

"आणि त्यातले पाच डागी निघाले होते," माझे वडील मध्येच म्हणाले, "ते पुण्याच्या खात्यात घाल."